दारूचा गुत्ता आणि आमची मुले

व्यसनाची चर्चा निघाली की आमच्याविषयी एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : दारू यांच्या रक्तातच आहे. महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मी ते ऐकले आहे. आणि दुःखाची गोष्ट अशी की, आमच्याच वस्तीतल्या चार बुके शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. पहिल्याच्या स्वरात तुच्छता असते, दुसऱ्याच्या स्वरात हताशपणा. निष्कर्ष मात्र दोघांचा एकच निघतो : या पोरांसाठी काही करण्यात अर्थ नाही.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे वाक्य सर्वप्रथम खोटे वाटते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीनुसार देशातील दहा ते पंचाहत्तर वयोगटातील पुरुषांपैकी २७.३ टक्के पुरुष दारू पितात. चारांतला एक पुरुष पितो, तेव्हा त्याला कोणत्या एका जातीचे रक्त म्हणायचे? परंतु पाटलाच्या वाड्यात प्यालेली दारू वाड्यात राहते आणि आमची रस्त्यावर येते. रस्त्यावरचे तेवढे मोजले जाते. ते असो. मला येथे बोलायचे आहे ते दारूच्या दुकानाविषयी. कोणाच्या परवान्याने ते उघडले आणि त्याचा पैसा कोठे गेला, याला इतिहास आहे.

मराठवाड्यात देशी दारूच्या दुकानाला 'गुत्ता' म्हणतात. रस्त्याचे किंवा बंधाऱ्याचे काम घेणाऱ्यालाही आपण 'गुत्तेदार' म्हणतो. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. गुत्ता म्हणजे मक्ता. निजामी राजवटीत दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क सरकार लिलावाने देई. जो जास्त बोली लावील त्याला गुत्ता मिळे. हैदराबाद संस्थानचा अबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या सुमाराचा आहे. जमीनमहसुलाच्या खालोखाल अबकारी हा संस्थानच्या उत्पन्नाचा मोठा झरा होता. या पद्धतीतली मेख अशी : सरकारला ठरलेली रक्कम आधीच मिळाली, तेव्हा तोटा होऊ नये म्हणून जास्तीत जास्त माणसांना पाजणे हे गुत्तेदाराचे कामच होऊन बसले. ज्याच्या हातात रोजची मजुरी रोख पडते, ज्याला देवळात प्रवेश नाही, चावडीवर बसायला जागा नाही, त्याच्यासाठी चार माणसांत बसण्याचे एक ठिकाण राज्याने उघडले. ते गुत्त्याचे होते.

आम्ही जुन्या जालन्याचे. कुंडलिकेच्या या अंगाला जुना जालना, त्या अंगाला नवा. 'जालना सोने का पालना' ही म्हण येथे प्रत्येकाला पाठ आहे. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली आणि खेड्यातला येसकर, महारकी करणारा माणूस हमाल झाला. बलुत्यात धान्य मिळे, येथे पैसा मिळू लागला. आमच्या वस्तीतले म्हातारे सांगत की, हप्त्याच्या दिवशी जिनपासून घरापर्यंतच्या वाटेत गुत्ता लागायचाच. दुसऱ्या वाटेने जायचे तर बायको सोबत लागायची. हसत सांगत. त्या हसण्यात किती घरांची ज्वारी बुडाली, हे त्यांच्या बायकांना विचारायला हवे होते.

ब्रिटिश मुलखात याहून वेगळे नव्हते. तेथे १८७८ चा मुंबई अबकारी कायदा होता. १८९२ साली तर मोहाच्या फुलांवर कायदा आला. ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींचे जे अन्न होते ते घरात साठवणे गुन्हा ठरले, कारण त्यापासून घरी दारू गाळली तर सरकारी दारू खपणार कशी? दारूला विरोध नव्हता, फुकटच्या दारूला होता.

या व्यवहारावर आपल्या बाजूने पहिले बोट कोणी ठेवले? पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले. हैदराबादेत भाग्यरेड्डी वर्मा यांनी १९०६ साली 'जगन् मित्र मंडळी' काढली आणि पुढे आदि-हिंदू चळवळीत बालविवाह, देवदासीप्रथा यांच्याबरोबरच दारूविरुद्धही वस्त्यावस्त्यांतून प्रचार केला. भाग्यरेड्डी हे आमच्याच संस्थानातले, पण मराठवाड्यातल्या आमच्या मुलांना त्यांचे नावही ठाऊक नसते. याचा दोष मुलांकडे जात नाही, पाठ्यपुस्तकांकडे जातो.

परंतु या प्रश्नाचा खरा हिशेब मांडला तो बाबासाहेबांनी. १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना. त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीच्या रूपाने माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्यांची मागणी साधी होती : दारूवाटे लोकांकडून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले की, शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा मुले चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी कोठे जातात? हा प्रश्न आजही वस्तीत उभे राहून विचारता येईल. यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर होते. पाण्याची तारीख आम्ही उत्सवाने साजरी करतो. दारू आणि शाळा यांच्या हिशेबाची तारीख मात्र आमच्या दिनदर्शिकेत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाबासाहेब सरकारी दारूबंदीचे भाबडे पुरस्कर्ते नव्हते. १९३८ साली काँग्रेस मंत्रिमंडळाच्या अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दारूबंदीला दिलेल्या अग्रक्रमावर टीका केली. शिक्षणासारख्या निकडीच्या गोष्टी मागे सारून यावर पैसा का, असा त्यांचा सवाल होता. तेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या समुदायाकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतात आणि त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा असते. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. पोलिसाच्या दंडुक्याने सुटणारी दारू आणि माणसाने स्वतःचा मान ओळखून सोडलेली दारू यांत त्यांनी फरक केला होता. पहिलीसाठी सरकारने शाळा बंद ठेवू नयेत आणि दुसरीसाठी आम्ही सरकारची वाट पाहू नये.

पुढे जे घडले त्याने त्यांची शंका खरी ठरवली. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली हा कायदा आमच्याकडे लागू झाला. गुत्ता बंद झाला, हातभट्टी सुरू झाली. गुत्तेदाराच्या जागी हप्ता घेणारा आला. श्रीमंताला आरोग्याच्या कारणावरून परवाना मिळे, भट्टीवर सापडे तो आमचा माणूस. दलित कथेत आणि आत्मकथनांत हातभट्टी वारंवार येते, ती लेखकांना भडक रंगाची हौस होती म्हणून नव्हे. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने खडी फोडून काढला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि १९७३ साली सरकारने देशी दारूचे नियम करून साखर कारखान्यांच्या मळीतून निघणाऱ्या मद्यार्काला राजरोस बाजारपेठ दिली. ऊस कोणाचा, कारखाना कोणाचा, ऊसतोड कोणाची आणि बाटली कोणाच्या दारात, याची उत्तरे वाचकांना मी सांगायला नकोत. स्वस्तातली बेकायदा दारू मात्र थांबली नाहीच. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्यांतली बहुतेक झोपडपट्टीतली, हातावर पोट असणारी होती.

आता आमच्या मुलांकडे येतो. माझ्या वर्गात अठरा-एकोणीस वर्षांची मुले बसतात. कडक दारूसाठी कायद्याने वय पंचवीस लागते, बिअरसाठी एकवीस. हा कायदा त्यांना ठाऊकही नाही, आणि त्यांना बाटली देणाऱ्याला तो ठाऊक असून उपयोग नाही. दारूच्या जोडीला आता झोपेच्या गोळ्या आल्या आहेत, ज्यांना इकडे 'बटण' म्हणतात. मुलगा पहिला घोट बहुधा कोठे घेतो? वरातीत, निवडणुकीच्या जेवणावळीत, आणि लिहिताना हात जड होतो, पण जयंतीच्या मिरवणुकीत. ज्याने प्रतिज्ञा दिली त्याच्याच जयंतीला डीजेच्या गाडीमागे बाटली फिरते. याविषयी वस्तीत बोलले की, 'सर, शिकलात म्हणून आम्हाला नावे ठेवता काय,' असे उत्तर येते. येवो. १९५६ साली प्रतिज्ञा घेऊन कित्येक घरांतल्या माणसांनी दारू सोडली, ती एकेकट्याने सोडली नव्हती. वाडा सोडीत होता, गल्ली सोडीत होती, सोबतीला विहार होते, मुलाला मिलिंदमध्ये घालण्याचे स्वप्न होते. आजच्या मुलाला आपण व्यसनमुक्तीचे व्याख्यान देतो. संध्याकाळी सात ते दहा तो कोठे बसेल, ती जागा देत नाही.

म्हणून मला बाबासाहेबांचा तो हिशेब आज पुन्हा मांडावासा वाटतो. राज्याच्या पातळीवर तो पालटला आहे, हे मान्य केले पाहिजे. अबकारीचे वार्षिक उत्पन्न वीस हजार कोटींच्या पुढे गेले असले, तरी शिक्षणावरचा खर्च त्याहून कितीतरी अधिक आहे. पण वस्तीच्या पातळीवर मांडून पाहा. मी माझ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या त्यांच्या वस्तीचा नकाशा काढायला सांगितला : बाटली कोठे मिळते, पुस्तक कोठे मिळते. बाटलीची ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजून संपेनात. रात्री दहापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका एकाही नकाशात आली नाही.

नकाशे भिंतीवर लावले तेव्हा वर्गात दोन तट पडले. मुलांचे म्हणणे, आधी अभ्यासिका मागू. मुलींनी मात्र उभी बाटली-आडवी बाटलीचा नियम शोधून आणला होता : वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला तर दारूच्या दुकानावर मतदान घ्यावे लागते, आणि एकूण मतदारांतल्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. झालेल्या मतांच्या निम्मी नव्हे, एकूण मतदारांच्या; म्हणजे त्या दिवशी जी बाई मजुरीला गेली तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूने पडले. एक मुलगी म्हणाली, मग मतदान रविवारी मागू, आणि हमालवाड्यातल्या बायकांना आधी भेटू. दोन्ही अर्जांचे मसुदे सध्या तयार होत आहेत. अभ्यासिकेच्या अर्जाच्या माथ्यावर मुलांनी चौदा आणे आणि दोन रुपये हे १९२७ चे आकडे घातले आहेत.