मद्यपान व सामाजिक विचलन (बीड जिल्हा)

समाजमान्य आचारनियमांपासून दूर जाणाऱ्या वर्तनास विचलन म्हणतात. ते कृतीच्या ठायी उपजत नसून समाजाच्या प्रतिक्रियेतून ठरते, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर याने *आउटसायडर्स* (१९६३) या ग्रंथात प्रतिपादिले. बीड जिल्ह्यातील मद्यविषयक कायद्याच्या इतिहासात या मताचा प्रत्यय येतो.

निजामी राजवटीत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तेथे अबकारी कायद्यान्वये दारू व ताडी यांच्या विक्रीचे मक्ते दिले जात आणि त्यांपासून राज्यास मोठा महसूल मिळे. साहजिकच कर चुकवून दारू गाळणारा अपराधी ठरे, पिणारा नव्हे. याउलट मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने परवान्याविना मद्य बाळगणे व पिणे हाच गुन्हा ठरविला. परिणामी शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात एक कायदा व बीडमध्ये दुसरा, अशी स्थिती निर्माण झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा अधिनियम बीडलाही लागू झाला. पेय तेच राहिले. परवाना नसलेला पिणारा मात्र गुन्हेगार ठरला. परवाना मिळविणे खेड्यातील गरिबापेक्षा शहरातील सधनास सुकर असल्याने हा शिक्का सर्वांवर सारखा बसला नाही.

पुढे परवान्यांच्या अटी शिथिल झाल्या व १९७३ च्या नियमांन्वये देशी दारूची विक्री नियंत्रित करण्यात आली. पिण्याचा परवाना कायद्याने आजही आवश्यक आहे. परंतु त्याची विचारणा क्वचितच होते. कायदा कायम असताही प्रतिक्रिया ओसरली, की विचलनाची जाणीवही ओसरते, असे यावरून दिसते. याउलट प्रतिक्रिया तीव्र झाल्यास कायदेशीर दुकानही आक्षेपार्ह ठरते. महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी मागणी केल्यास गावातील दुकानाविषयी मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात असून ‘आडवी बाटली’ हे त्यातील दुकानबंदीचे चिन्ह होय.

मद्यप्राशन करून वाहन चालविण्याबाबत विचलनाची सीमा आकड्याने आखलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात आरंभी रक्तातील अत्यल्प मद्यांशही दंडनीय होता; १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. ही मर्यादा घातली. जोसेफ गसफील्ड याने १९८१ मध्ये दाखविल्याप्रमाणे, सारा दोष मद्यपी चालकावर ठेवल्यास रस्ता, वाहन व प्रवासाच्या सोयी ही अपघाताची इतर कारणे दृष्टीआड होतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांलगतच्या मद्यविक्रीवर निर्बंध घातले, तेव्हा चालकाबरोबर दुकानाचाही विचार झाला. सोलापूर-धुळे महामार्गावरील बीडसारख्या जिल्ह्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे.

तथापि प्रतिक्रियेने ठरते ते विचलन, हानी नव्हे. मद्याने चालकाचे भान मंदावते, ते कोणत्याही राजवटीत व कोणत्याही कायद्याखाली सारखेच.