एकाच घरातले तीन आजार



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी घरांत सिकलसेलचं कार्ड जपून ठेवलेलं असतं. आईवडील दोघंही वाहक असतील तर लेकराला हा आजार होऊ शकतो, हे आता आपल्याला ठाऊक आहे. आज आम्ही जरा वेगळ्या आजारांबद्दल बोलणार आहोत. आईला थायरॉइड, मावशीच्या बोटांचे सांधे सुजलेले, मामेबहीण लहानपणापासून इन्सुलिनवर. आजार तीन, डॉक्टरही तीन. मग कुजबुज सुरू होते, ‘या घराण्यातच खोट आहे.’ आणि ती खोट चिकटते लग्नाच्या मुलीला.

या आजारांचं एकमेकांशी खरंच काही नातं आहे का? शोधाची गोष्ट जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं, की शरीर स्वतःवर हल्ला करणं टाळतं. त्यांचा शब्द मोठा. बरीच वर्षं तोच चालला. 1956 साली अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं, की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटू शकते. म्हणजे शेताचा राखणदारच उभ्या पिकात शिरला!

पण तो कोणाच्या शेतात शिरतो? 1973 मध्ये पाठीचा कणा आखडणाऱ्या आजाराचा संबंध एचएलए-बी27 या जनुकीय खुणेशी असल्याचं दिसलं. पुढे 2007 साली ब्रिटनमध्ये मोठं काम झालं. सात आजारांचे प्रत्येकी सुमारे 2,000 रुग्ण आणि तुलनेसाठी 3,000 इतर माणसं, अशा सगळ्यांची जनुकीय माहिती तपासली गेली. त्यात आमवात आणि लहानपणीचा मधुमेह यांच्या काही खुणा सारख्याच निघाल्या. पीटीपीएन22 हे जनुक त्यांतलंच एक. थायरॉइडच्या काही आजारांतही त्याचा हात आढळला आहे. म्हणजे मावशी, आई आणि मामेबहीण यांचे आजार चुलत भावंडांसारखे असू शकतात.

मात्र ही ‘खोट’ नव्हे. सिकलसेल एकाच जनुकातल्या बदलामुळे होतो. इथे अनेक जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात, बाकीचं तंबाखूचा धूर आणि इतर कारणांवर. ब्रिटनमध्ये 1993 साली एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाला आमवात असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण शंभरात सुमारे 15 होतं. दोघांची जनुकं एकच, तरी बहुतेक जुळी भावंडं सुटली. मग मावशीच्या आजारावरून भाचीचं लग्न का मोडायचं?

आणखी एक गोष्ट. युरोपात सापडलेला पीटीपीएन22 मधला तो बदल भारतीयांत फारच विरळ आहे. म्हणून परक्यांच्या मोजमापावर आपलं भागत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या बी. के. थेल्मा यांच्या गटाने उत्तर भारतातल्या आमवाताच्या रुग्णांचा जनुकीय अभ्यास केला. 2013 मध्ये त्यातून एआरएल15 हे नवं जनुक पुढे आलं.

त्याआधी, 1996 साली, पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली. आमवात दर हजारी सुमारे पाच जणांत आढळला. दवाखान्यात न गेलेल्या बाईचं दुखणंही अशाच पाहणीत मोजलं जातं. आपण सांगितलंच नाही, तर मोजणार कोण?

म्हणून मैत्रिणींनो, सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असतील, सूज सहा आठवडे टिकली असेल, तर ‘वेचणीनं हात दुखतात’ म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. घरात कोणाला थायरॉइड किंवा इन्सुलिन असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ती माहिती लपवायची नाही, उपचाराच्या कामी आणायची.