अश्लीलतेचे माप

अश्लील वाङ्मयास आळा घालावा की न घालावा, हा वाद निघाला की संस्कृतीचे कैवारी एका बाजूस व स्वातंत्र्याचे कैवारी दुसऱ्या बाजूस उभे राहतात. परंतु अश्लीलता ज्या मापाने मोजावयाची ते माप आले कोठून, हे क्वचितच कोणी विचारतो. त्या मापाचा इतिहास बोधप्रद आहे.

सन १८६८ मध्ये इंग्लंडात हिक्लिन खटल्याचा निकाल झाला. कॅथॉलिक पंथातील पापनिवेदनाच्या प्रथेवर हल्ला करणारे एक चोपडे हेन्री स्कॉट नामक गृहस्थ विकीत असे. त्याचा हेतू पंथाच्या खंडनाचा होता. तथापि मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी ठरविले की, ज्यांची मने अशा संस्कारास सहज वश होतात त्यांस बिघडविण्याकडे लिखाणाचा कल असेल तर ते अश्लील होय. शुद्ध हेतूने दोष टळत नाही. म्हणजे सर्वांच्या वाचनाची मर्यादा सर्वांत दुर्बल मनाने आखावयाची! दुसऱ्यास होणारी इजा टाळणे एवढ्याच कारणास्तव व्यक्तीवर बळजोरी करता येते, हे मिलचे सूत्र त्यापूर्वी नऊच वर्षे, १८५९ साली, प्रसिद्ध झाले होते.

हेच माप हिंदुस्थानातही रूढ झाले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून संततिनियमन व कामशास्त्र ह्या विषयांवर निर्भीडपणे लिहिण्यास आरंभ केला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांची वकिली केली, तरी दंड चुकला नाही. स्वतंत्र भारतातही १९६४ साली रणजित उदेशी ह्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनचीच कसोटी ग्राह्य धरली. १९६९ साली काकोडकरांची 'श्यामा' ही कथा निर्दोष ठरली, आणि २०१४ साली अखेर ती जुनी कसोटी टाकण्यात येऊन समकालीन समाजाचे मान स्वीकारले गेले.

परंतु माप बदलले तरी मोजावयाची वस्तू तीच राहिली, असे आम्हांस वाटते. वाचकाचे मन बिघडते काय, एवढाच प्रश्न. कर्व्यांना कोणतीही नीतिमीमांसा लावा. परिणाम पाहाल तर अज्ञानाने होणारी हानी त्यांनी कमी केली. कांटच्या दृष्टीने पाहाल तर स्त्रीला केवळ साधन न मानता तिच्या शरीरावर तिचाच अधिकार सांगितला. उलट, विक्रीसाठी काढलेल्या चित्रांत जिला धाकाने वा फसवून उभे केले असेल, तिचे काय? तेथे इजा पाहणाऱ्याच्या मनास झाली की नाही हा वाद गौण आहे. चित्र निघाले त्याच क्षणी ती झालेली असते. मिल व कांट दोघेही येथे एकाच निर्णयास येतात.

जुन्या खटल्यांत केवळ शब्द होते, म्हणून हा प्रश्न सुटून गेला, हे क्षम्य आहे. आज छायाचित्रे व चलच्चित्रे घरोघरी पोहोचली असता तो वगळणे क्षम्य नाही. दारिद्र्याने दिलेली संमती खरी किती, हा कठीण भाग उरतोच. तथापि वाचकाच्या पावित्र्याची राखण करणाऱ्या कायद्याने प्रथम चित्रातील माणसाची विचारपूस करावी. तसे होते तर कर्व्यांसारख्यांस दंड भरावा लागला नसता, आणि खरे अपराधी सुटले नसते.