खेळात मरण कशाला? सॅम आणि मॅक्सच्या निमित्ताने

आजचा विषय वाचून काही मंडळी हसली, ते बरंच झालं. विषय हसण्याचाच आहे. २००८ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या टेलटेल गेम्स या कंपनीनं ‘नाइट ऑफ द रेव्हिंग डेड’ नावाचा एक छोटा संगणकीय खेळ बाजारात आणला. रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या सिनेमाच्या नावाची ही खोडसाळ मोडतोड. रेव्ह म्हणजे रात्रभर चालणारी नाचगाण्याची पार्टी. खेळातला खलनायक आहे युर्गन नावाचा नखरेल व्हॅम्पायर. तो जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये किल्ल्यात राहतो आणि तिथंच झाँबींसाठी नाइटक्लब चालवतो. झाँबीला मराठीत काय म्हणावं? भूत म्हणावं तर देह आहे, मढं म्हणावं तर चालतंय. आपण झाँबीच म्हणू.

या झाँबींशी लढतात सॅम आणि मॅक्स. सॅम हा सूट-हॅटवाला, सहा फुटी, शब्दबंबाळ कुत्रा. मॅक्स हा सशासारखा दिसणारा, अंगावर चिंधी नसलेला, मारामारीला कायम तयार असलेला प्राणी. स्वतःला ते ‘फ्रीलान्स पोलीस’ म्हणवतात. स्टीव्ह पर्सेल या चित्रकाराचं त्यांच्यावरचं पहिलं कॉमिक १९८७ मध्ये छापलं गेलं.

आता इतिहासाकडे येतो. पडद्यावरच्या वस्तूवर क्लिक करायचं, हाती लागेल ते खिशात घालायचं आणि कोडी सोडवत पुढं जायचं, हा पॉइंट अँड क्लिक प्रकार. त्याच्या आधीच्या साहसी खेळांत खेळाडू सारखा मरायचा. सिएरा कंपनीच्या १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये राजवाड्यापाशीच पाय चुकला की खंदकात पडून खेळ खलास. मागं कुठं खेळ जतन केला नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून. रॉन गिल्बर्टला हे पटत नव्हतं. १९८७ च्या ‘मॅनियाक मॅन्शन’साठी त्यानं आणि एरिक विलमंडरनं स्कम नावाची प्रणाली बनवली. त्या खेळात पात्रं मरू शकत होती. पण १९९० च्या ‘मंकी आयलंड’मध्ये गिल्बर्टनं मरण जवळजवळ काढूनच टाकलं. तिथला नायक दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. त्याला मारायचंच असेल, तर पाण्याखाली पूर्ण दहा मिनिटं काही न करता बसायचं! आणि या खेळाचा खलनायक कोण? लेचक, एक मेलेला चाचा. पहिल्या भागात भूत, १९९१ च्या दुसऱ्या भागात झाँबी.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. मरणाची धास्ती असली की माणूस सावधपणे खेळतो, एकेक पाऊल जपून टाकतो. ती गेली की तो वेडेपणा करून बघतो. कोंबडी तोफेत घालून बघू, भिंतीशी गप्पा मारून बघू. विनोदाला नेमकी हीच जागा लागते. नायकाला मरण नाही म्हटल्यावर खलनायकही मरून परत येणाराच शोभतो.

१९९३ मध्ये लुकासआर्ट्सनं ‘सॅम अँड मॅक्स हिट द रोड’ काढला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. तोवरच्या खेळांत संवादाची वाक्यं आधी पडद्यावर दिसायची आणि खेळाडू त्यातलं एक निवडायचा. म्हणजे विनोद ऐकण्याआधीच वाचून शिळा! इथं वाक्यांच्या जागी चिन्हं ठेवली. प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, एखादं छोटं चित्र. सॅम काय बोलणार ते त्यानं तोंड उघडल्यावरच कळायचं. विनोदाची वेळ ओळखणारी माणसं होती ती.

पुढं बाजार फिरला. लुकासआर्ट्समध्ये तयार होत आलेला सॅम-मॅक्सचा पुढचा खेळ कंपनीनं मार्च २००४ मध्ये रद्द केला. कारण दिलं बाजारातल्या परिस्थितीचं. त्याच वर्षी तिथून बाहेर पडलेल्या काही जणांनी टेलटेल काढली. पुढं पर्सेलनं आपली पात्रं त्यांच्या हाती दिली. २००६ पासून मालिकेसारखे छोटे भाग येऊ लागले. आपला श्टुटगार्टचा खेळ हा दुसऱ्या पर्वातला तिसरा भाग. त्यात आपले गुप्तहेर खरोखर मरतात, झाँबी होतात आणि खेळ तसाच पुढं चालू राहतो. ‘खेळाडू मरत नाही’ या जुन्या नियमाची यापेक्षा चांगली थट्टा मी पाहिलेली नाही.

गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, टेलटेलला मोठं नाव मिळवून दिलं ते झाँबींनीच, पण दुसऱ्या. २०१२ मध्ये त्यांनी ‘द वॉकिंग डेड’ केला. खेळ उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. तिथला झाँबी खराखुरा चावतो, आवडती माणसं मरतात आणि उत्तर द्यायला घड्याळ लावलेलं असतं. मग रेंगाळायचं कधी? कोडी बाजूला पडत गेली आणि त्यांच्याबरोबर विनोदही. तो साचा कंपनीनं मग एकामागून एक खेळांत वापरला. सप्टेंबर २०१८ मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आलं. या घसरणीचं खापर एकट्या साच्यावर फोडता येणार नाही, पण यशानं कंपनीला एकमार्गी केलं, हे माझं मत.

सॅम आणि मॅक्स मात्र परत आले. टेलटेलच्या काही जुन्या मंडळींनी स्कंकेप गेम्स नावाची छोटी कंपनी काढली. पहिलं पर्व डागडुजी करून २०२० मध्ये आलं. दुसरं, म्हणजे आपल्या युर्गनचं, डिसेंबर २०२१ मध्ये. तिसरं २०२४ मध्ये. १९९३ चा मूळ खेळही आजच्या संगणकावर चालतो, कारण २००१ मध्ये हौशी प्रोग्रॅमरांनी स्कमव्हीएम नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि त्यावर अजून काम चालू आहे. ते फुकट आहे. मूळ खेळाच्या फायली तेवढ्या आपल्याकडे हव्यात.