ओढणे आणि थांबवणे : मुलूख मैदान तोफेपासून उसाच्या डबल ट्रॉलीपर्यंत

१/
गळीत हंगाम सुरू झाला की परभणी-गंगाखेड किंवा मानवत-पाथरी रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर येतो आणि त्याची पुढची चाके जमीन सोडतात. पाहणारे त्याच्या ताकदीचे कौतुक करतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. जड ओझे ओढण्याची युक्ती दख्खनला शतकानुशतके ठाऊक होती. खरी परीक्षा ते ओझे आवरण्याची होती.

२/
सुरुवात मुलूख मैदान तोफेपासून करू. १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी याने ही तोफ ओतली. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली गेली. या प्रवासाला ४०० बैल, १० हत्ती आणि शेकडो माणसे लागली, अशी नोंद वारंवार आढळते. तिची जोडीदार 'कडक बिजली' नदी ओलांडताना बुडाली, अशी आख्यायिका आहे.

३/
थोडा हिशेब करू. ५५ टन भागिले ४०० म्हणजे बैलामागे जेमतेम १४० किलो. गाडीला जुंपलेला साधा बैलही याहून कितीतरी अधिक वजन ओढतो. मग इतका मोठा ताफा का? एक कारण असे की, जनावरांची रांग जितकी लांब तितकी सर्वांची ओढ एकाच क्षणी लागणे अवघड. दुसरे कारण वाट. मऊ काळी माती, ओढे आणि नदीचे पात्र. चाक रुतले की वजनाचा हिशेब कोलमडतो.

४/
आणि उताराचे काय? पुढे जुंपलेले बैल उतारावर निरुपयोगी ठरतात. ओझेच त्यांच्या अंगावर धावून येते. म्हणून तोफखान्यात उतारावर गाड्याला मागून दोर बांधून माणसे उलट दिशेने ताणत. कंपनीच्या काळात तोफा चिखलातून मागून रेटण्यासाठी हत्ती वापरत. म्हणजे पुढून ओढणारा आणि मागून सांभाळणारा अशी दोन वेगळी कामे होती आणि त्यांना वेगळी माणसे नेमलेली असत.

५/
आपल्या मराठवाड्याने तर हा प्रश्न बराच काळ चाकाविनाच सोडवला. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून नेत. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. पाठीवरच्या ओझ्याला उतारावर ब्रेक लागत नाही, कारण प्रत्येक बैल आपला भार स्वतः सांभाळतो. ही पद्धत संथ होती, पण काळ्या जमिनीत खात्रीची होती.

६/
पुढचा टप्पा परांड्याच्या शेजारचाच आहे. १८३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे गेसफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने सुधारित बैलगाड्यांचा कारखाना काढला. त्याआधीच्या बोजड, भरीव चाकांच्या गाड्यांना बैलांच्या अनेक जोड्या लागत. नवी गाडी एका जोडीने चाले. हा इथला महत्त्वाचा 'मॉडिफिकेशन'चा प्रयोग. तो टिकला, कारण एखादा भाग बदलून न थांबता संपूर्ण गाडीचा नव्याने विचार झाला होता.

७/
गाडीवानाचे ज्ञानही कमी नव्हते. भार मागे गेला की गाडी 'उलार' होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. भार फार पुढे आला तर मान चेपते. म्हणून जाणता गाडीवान जूवर किंचित दाब राहील असा माल रचतो. आज ट्रेलरचा साधारण दहावा हिस्सा भार जोडणीवर असावा, असा नियम सांगितला जातो. आपल्या आजोबांना तो आकड्यांत नाही, पण हातांत अवगत होता.

८/
थांबवण्याचा प्रश्न शास्त्र म्हणून हाताळला तो रेल्वेने. १८६३ मध्ये भोर घाटातील लोहमार्ग खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांत १ फूट. अभियंत्यांनी गृहीत धरले की कधीतरी गाडी आवरणार नाही. म्हणून घाटात चढावर नेणारे 'कॅच सायडिंग' बांधले. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्यावरच मुख्य मार्ग मोकळा होई. अपयश गृहीत धरून केलेली ही रचना होती.

९/
१८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १८७२ मध्ये त्याचा स्वयंचलित प्रकार आणला. तत्त्व विलक्षण होते. हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक मोकळा आणि दाब गेला की ब्रेक आपोआप लागलेला. जोडणी तुटून डबे सुटले तर ते स्वतःच थांबतात. आपल्या ट्रॉलीची पिन तुटली तर काय होते, हा प्रश्न इथेच मनात ठेवा.

१०/
आता परत परभणीत येऊ. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन. डाव्या कालव्याने गोदेचे पाणी जिल्ह्यात आणले, त्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटते. म्हणून एका खेपेत जास्तीत जास्त माल नेण्याची घाई या पिकाच्या स्वभावातच आहे. डबल ट्रॉली त्या घाईचे अपत्य.

११/
ट्रॅक्टर मुळात शेतासाठी घडवलेला आहे. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. नांगरताना झटकन वळता यावे म्हणून डाव्या-उजव्या चाकांचे पेडलही स्वतंत्र असतात. रस्त्यावर ते खटक्याने एकत्र जोडले नाहीत तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर फिरतो. पुढची चाके उचलली गेली की सुकाणू हवेत फिरते. आणि उतारावर दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरला त्याच्या अनेक पट वजन मागून ढकलत असते. ४०० बैलांच्या ताफ्यातले मागचे दोर इथे कुणाच्याच हाती नाहीत.

१२/
हीच चूक बदल केलेल्या पिकअपमध्ये दिसते. कमानीचे पाटे वाढवले, टायर मोठे घातले, हूक जोडला, की मागे मळणीयंत्र किंवा टँकर लावायला गाडी तयार! पण पाट्यांनी गाडी वाकायची थांबते, तिचा ब्रेक वाढत नाही. वेग २० वरून ४० वर गेला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली.

१३/
इतिहासाचे धडे चार वाक्यांत मांडता येतात. आरसी बुकातील वजनाची मर्यादा हीच गाडीची खरी ताकद, इंजिनाचा आवाज नव्हे. माल खाली आणि आखाच्या किंचित पुढे रचावा, म्हणजे ट्रॉली उलार होत नाही. पिनेला खीळ आणि जोडीला सुरक्षा साखळी असावी, कारण वेस्टिंगहाउसप्रमाणे तुटणे गृहीत धरायचे असते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, गाडी न्यूट्रलवर कधीही सोडू नये आणि मागे रिफ्लेक्टर असल्याखेरीज रात्री निघू नये.

१४/
शेवटी एक गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे याच ट्रॉल्यांवर बसतात. खाली संसार, वर लेकरे. त्यांत बंजारा समाजाची माणसे मोठ्या संख्येने असतात. ज्यांच्या पूर्वजांनी प्रत्येक बैलाचा भार जोखून दख्खनचे धान्य सुखरूप पोहोचवले, त्यांचेच वंशज आज ब्रेक नसलेल्या ओझ्यावर बसून प्रवास करतात. तोफेसाठी मागचा दोर धरायला माणसे नेमता येत होती. माणसांसाठी तो दोर कोण धरणार, हा प्रश्न इतिहासाचा नाही, आपला आहे.