पायलट ऑफिसर मायनार्स्की

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधून सुमारें १,२५,००० जणांनीं विमानसेवा केली; त्यांपैकीं ५५,५७३ मृत्यु पावले. बहुतेकांचा शेवट पाहण्यास कोणी उरलें नाहीं. अँड्रू मायनार्स्की याचा शेवट मात्र एकानें पाहिला, आणि तो पाहणारा केवळ दैवयोगानें वांचला.

मायनार्स्कीचा जन्म कॅनडांतील विनिपेग येथें, पोलंडहून आलेल्या कुटुंबांत, १९१६ सालीं झाला. वडील लवकर वारल्यामुळें त्याला पोरवयांतच कातडीं कापण्याच्या कामास लागावें लागलें. १९४१ मध्यें तो कॅनडाच्या हवाई दलांत शिरला.

१२ जून १९४४ च्या रात्रीं, म्हणजे नॉर्मंडींत फौजा उतरल्यावर सहाच दिवसांनीं, त्याचें लँकॅस्टर विमान फ्रान्समधील काँब्रे येथील रेल्वेच्या यार्डावर बाँब टाकण्यास इंग्लंडहून निघालें. विमानांत सात असामी होते. मायनार्स्की पाठीवरील काचेच्या फिरत्या घुमटांतला गोलंदाज. त्याचा मित्र पॅट ब्रॉफी शेपटाकडील घुमटांत. मध्यरात्रीनंतर एका जर्मन विमानानें हल्ला चढविला. डाव्या पंखावरील दोन्ही इंजिनें बंद पडलीं व पंखास आणि दोन्ही घुमटांमधील भागास आग लागली. कप्तानानें उड्या टाकण्याचा हुकूम दिला.

मायनार्स्की दारापाशीं आला, तों त्याला ब्रॉफी अडकलेला दिसला. शेपटाकडील घुमट इंजिनांच्या जोरावर फिरे. तीं बंद पडतांच तो जागच्या जागीं खिळला, आणि हातानें फिरविण्याचें साधन मोडून गेलें. मायनार्स्की ज्वाळांतून तेथवर पोंचला. कुऱ्हाडीनें झालें नाहीं, तेव्हां नुसत्या हातांनीं तो झटूं लागला. त्याचे कपडे व हवाई छत्री पेटली होती. ब्रॉफीनेंच त्याला खुणेनें परत जाण्यास सांगितलें. दारापाशीं जाऊन, मित्राकडे तोंड करून, पेटलेल्या कपड्यांनिशीं तो ताठ उभा राहिला, सलाम केला आणि उडी घेतली. लष्करी शिस्तीचा भाग म्हणून सलाम सर्वच शिकतात. हा सलाम त्या जातीचा नव्हता.

तो जमिनीवर जिवंत उतरला, परंतु भाजण्यानें लवकरच मरण पावला. वय अवघें सत्तावीस. उलट, ज्याला मृत्यु अटळ होता तो ब्रॉफी विमान आदळतांच बाहेर फेंकला गेला व बचावला! उरलेले पांचहि जगले. ब्रॉफी विमानाबरोबर जळाला असता, तर विनिपेगच्या घरीं मुलगा कामास आला एवढीच बातमी गेली असती. त्याच्या साक्षीमुळें ऑक्टोबर १९४६ मध्यें मायनार्स्कीस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

फ्रान्समध्यें आमियाँनजीक मेआरिकूर या खेड्याच्या दफनभूमींत त्याची कबर आहे. इंग्लंडांतील मिडलटन सेंट जॉर्ज या त्याच्या तळाच्या जागीं २००५ सालीं त्याचा पुतळा उभारला, तो सलाम करीत असलेलाच. कॅनडांत हॅमिल्टन येथील संग्रहालयानें एक जुनें लँकॅस्टर दुरुस्त करून त्यावर मायनार्स्कीच्या विमानाचीं अक्षरें रंगविलीं. २०१४ सालीं तें अटलांटिक ओलांडून इंग्लंडास जाऊन आलें.