साच्यांचा खडखडाट आणि चाकरमान्यांचे कान

१/ तारकर्ली, देवबाग, मालवण हा किनारा १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. मुंबईच्या कापडगिरण्यांना कामगार पुरवण्यात रत्नागिरी दीर्घकाळ अग्रेसर होता. बोटीने मुंबई गाठणाऱ्या या चाकरमान्यांच्या श्रमाचे तास कायद्याने मोजले. त्यांच्या कानांवर पडणारा आवाज मात्र फार उशिरा मोजला गेला. हा त्या मोजमापाचा इतिहास.

२/ गिरणीतील सर्वांत गोंगाटाचे खाते म्हणजे साचेखाते. साच्यावरील धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा फेकला जाई आणि प्रत्येक फेकीला लाकूड व लोखंड यांचा आघात होई. असे शेकडो साचे एका छताखाली चालत. धोट्याच्या साच्यांचा आवाज सुमारे १०० डेसिबल भरतो. लँकेशायरच्या विणकरांनी तर अशा गोंगाटात ओठांच्या हालचालींवरून बोलण्याची स्वतंत्र रीतच घडवली होती.

३/ गोंगाटाने बहिरेपण येते, हे ज्ञान नवे नव्हते. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच तांबटांच्या बहिरेपणाची नोंद केली होती.

४/ १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने १०० बॉयलर कारागिरांचे कान तपासले. साधन काय? खिशातील घड्याळ! त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, एवढेच त्याने पाहिले. एकाचीही श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही. तात्पर्य, प्रश्न केवळ यंत्राच्या अभावाचा नव्हता.

५/ त्याच काळात मुंबईत काय घडत होते? १८८१ चा पहिला कारखाना कायदा प्रामुख्याने बालकामगारांसाठी होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. पुढे प्रौढ कामगाराच्या दिवसाची मर्यादा ठरली: १९११ मध्ये कापडगिरण्यांत १२ तास, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १०, १९४६ मध्ये ९.

६/ आता आजचे मोजमाप पाहा. भारतातील कारखाना नियमांनुसार ९० डेसिबल आवाजात ८ तास काम करता येते. आवाज ५ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते: ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. कारण कानाची हानी आवाजाची तीव्रता आणि त्यात घालवलेला वेळ या दोहोंवर अवलंबून असते.

७/ हीच फूटपट्टी मागे लावून पाहू. १०० डेसिबलच्या साचेखात्यात १९११ चा १२ तासांचा दिवस म्हणजे आजच्या मर्यादेच्या सहापट. १९३४ मध्ये पाचपट, १९४६ मध्ये साडेचारपट. म्हणजेच तासांसाठीचा लढा हा नकळत कानांसाठीचाही लढा होता. कामगाराच्या हाती तेवढेच संरक्षण होते, आणि तेही अपुरे.

८/ ही हानी दुर्लक्षित का राहिली? तिला जखम नसते, अपघाताची तारीख नसते. प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर हरपतात; ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. माणसाला वाटते, समोरचाच अस्पष्ट बोलतो आहे. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत.

९/ १९४८ च्या कारखाना अधिनियमातील रोगांच्या यादीत गोंगाटजन्य बहिरेपण पुढील दुरुस्तीने आले. या यादीतील रोग आढळल्यास तो कळवणे बंधनकारक असते. आज ध्वनिमापक खात्याचा आवाज मोजतो. खांद्यावर, कानाजवळ लावलेला डोसिमीटर संपूर्ण पाळीत त्या एका कामगारावर पडलेला आवाज मोजतो. ठरावीक काळाने होणारी श्रवणचाचणी कानातील बदल नोंदवते.

१०/ गिरणगावासाठी हे सारे उशिराचे ठरले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर असंख्य साचे कायमचे थांबले. ज्यांच्या कानांची कधी नोंदच झाली नाही, त्यांना आपले बहिरेपण गिरणीने दिले हे सिद्ध तरी कसे करता येणार? पहिल्या दिवशीची श्रवणचाचणी महत्त्वाची ठरते ती यासाठीच. नोंद नसेल, तर व्यवसायाने दिलेले बहिरेपण म्हातारपणाच्या खात्यावर जमा होते.